हाइलुओतो: समुद्रातून वर येणाऱ्या बेटावर चार दिवस

हाइलुओतोचा बेत आखताना आधी वाऱ्याचा अंदाज बघावा, मग तारीख पक्की करावी. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाकडे, ओउलू शहरासमोर हे बेट आहे. जमीन सुमारे २०० चौरस किलोमीटर, कायमची वस्ती हजाराच्या आत, आणि तेवढ्या वस्तीची एक स्वतंत्र पालिका. फिनलंडमध्ये ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद नसतो. मोठं शहर असो की असं बेट, प्रत्येक ‘कुंता’ची, म्हणजे पालिकेची, निवडून आलेली परिषद असते, स्वतःचा कर असतो. दवाखान्यांची जबाबदारी २०२३ पासून प्रांतपातळीवर गेली, शाळा मात्र अजून पालिकेकडेच आहे. बेटाला कार्लो असं स्वीडिश नावही आहे, पण इथली बोलण्याची आणि कारभाराची भाषा फिनिश. पाट्या, वेळापत्रकं, दुकानातली लेबलं सगळं फिनिशमध्येच, त्यामुळे भाषांतराचं ॲप फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावं.

इथे दोन गोष्टी सगळं ठरवतात. एक, जमीन वर येते आहे. शेवटच्या हिमयुगात या भागावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या वजनाने भूकवच खाली दबलं. बर्फ वितळून दहाएक हजार वर्षं झाली तरी ते अजून सावकाश वर उचललं जातं आहे, इथे वर्षाला साधारण ९ मिलिमीटर. समुद्राची पातळीही वाढत असल्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याहून थोडा कमी पडतो, तरी शतकभरात पाऊण मीटरच्या आसपास जमीन पाण्याबाहेर येतेच. हे अख्खं बेट गेल्या दोनेक हजार वर्षांत असंच समुद्रातून वर आलेलं आहे. दोन, वारा. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की भरती-ओहोटीचं गणित आठवतं. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने चढतं-उतरतं. नैर्ऋत्येचा जोरदार वारा आखातातलं पाणी उत्तरेकडे ढकलतो आणि पातळी चढते. पूर्वेकडचा वारा किंवा हवेचा मोठा दाब असला की उतरते. वादळी दिवसांत हा फरक एक मीटरच्या वर जातो. किनारा इतका उथळ आहे की एक मीटर पाणी उतरलं तरी समुद्र शेकडो मीटर मागे सरकतो.

पुढचा आराखडा जून मध्य ते ऑगस्ट मध्य या काळाचा आणि सायकलचा आहे. मोटारीने जाणाऱ्यांना दोन दिवसही पुरतात, पण बेट सपाट आहे, रहदारी कमी आहे, आणि वाळूतल्या वाटांवर मोटार नेता येत नाही.

पहिला दिवस: ओउलू ते बेट

हेलसिंकीहून ओउलूला रेल्वेने सहा-सात तास लागतात, रात्रीची गाडीही आहे. विमानाने तासाभरात पोचता येतं, आणि ओउलूचा विमानतळ ओउलुनसालोमध्ये म्हणजे बेटाच्याच वाटेवर आहे. त्यामुळे थेट बेटावर जायचं असेल तर शहरात शिरून पुन्हा मागे यायची गरज नाही. ओउलूपासून फेरीच्या, म्हणजे माणसं आणि मोटारी पलीकडे नेणाऱ्या बोटीच्या, धक्क्यापर्यंत, रिउतुनकारीपर्यंत, सायकलने सुमारे ३० किलोमीटर. शहराचे सायकलमार्ग उत्तम आहेत. ओउलुनसालो मागे पडल्यावर मात्र ८१६ क्रमांकाच्या रस्त्याच्या कडेने जावं लागतं. ओउलूहून बेटावर जाणारी बसही आहे. ती प्रवाशांसकट फेरीवर चढते आणि पलीकडे उतरून पुढे जाते. शनिवार-रविवारी तिच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवावी.

सामान ओउलूतच घ्यावं. बेटावर किराणा दुकान आहे, पण छोटं. शाकाहारी माणसाला बटाटे, राय धान्याचा पाव, दही, चीज, बेरी सहज मिळतात. डाळ, मसाले, तांदळाची हवी ती जात मिळेल असं धरून चालू नये. औषधं, सायकलची जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, डासांचं मलम आणि डोळ्यांवरची पट्टी इकडूनच न्यावी. ही पट्टी चैनीची वस्तू नाही. जूनच्या शेवटी सूर्य रात्री बाराच्या सुमारास मावळतो आणि अडीचच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या वेळात अंधार पडतच नाही आणि पातळ पडद्याच्या खोलीत झोप लागत नाही.

रिउतुनकारी ते पलीकडचा हुइक्कू धक्का हे अंतर सुमारे ७ किलोमीटर, अर्ध्या तासाचं. ही फेरी सार्वजनिक रस्त्याचाच भाग मानली जाते, म्हणून माणूस, सायकल, मोटार कुणालाच तिकीट नाही. मोटारवाल्यांनी रांगेत आपल्या मार्गिकेत थांबायचं, सिग्नल आणि खलाशाच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. वर चढल्यावर इंजीन बंद, दिवे बंद, हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये. रुग्णवाहिका आणि नियमित बस आधी जातात, तेव्हा रांगेत पुढे असूनही मागे राहावं लागू शकतं. शुक्रवारी संध्याकाळी बेटाकडे आणि रविवारी दुपारनंतर शहराकडे सर्वांत जास्त गर्दी असते. युहान्नुस, म्हणजे २० ते २६ जूनच्या दरम्यान येणारा मध्यग्रीष्माचा सण, त्या शनिवारच्या आधी-नंतर तर रांग फार लांबते आणि लहान दुकानंही लवकर बंद होतात. त्या दिवसांत जाण्याचा आग्रह नसेल तर टाळावं. असेल तर गुरुवारी सकाळीच पलीकडे पोचावं.

फेरी अडते ती मुख्यतः पाण्यामुळे. पातळी फार खाली गेली की जहाजाच्या तळाखाली पुरेसं पाणी उरत नाही. मग जड वाहनं नाकारली जातात आणि कधी वाहतूकच थांबते. जोराच्या वाऱ्यातही तेच. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फिनिश हवामान संस्थेचा समुद्रपातळीचा अंदाज बघितला की धक्क्यावर जाऊन खोळंबण्याची वेळ येत नाही.

याच पट्ट्यावर आता बांध आणि पुलांचा रस्ता बांधला जातो आहे. एकूण लांबी सुमारे ८.४ किलोमीटर, त्यात प्रत्येकी पाऊण किलोमीटरच्या आसपास लांबीचे दोन पूल. २०२६ मध्ये तो वाहतुकीला खुला करण्याचं नियोजन आहे आणि तो झाला की फेरीचं काम संपेल. त्यामुळे हा भाग वाचताना ताजी स्थिती तपासून घ्यावी. सायकलवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: उघड्या समुद्रावरच्या बांधावर आडव्या वाऱ्याला काहीच अडसर नसतो. फेरीवर जे अंतर बसून जातं तेच तिथे स्वतःच्या पायांनी कापायचं आहे.

हुइक्कूला उतरल्यावर लगेच निघू नये. फेरीतून आलेल्या सगळ्या मोटारी एकदमच सुटतात आणि रस्त्याची कड अरुंद आहे. पाच-दहा मिनिटं थांबून त्या जाऊ दिल्या की पुढची फेरी येईपर्यंत रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. हुइक्कू ते मुख्य गाव, किर्कोनक्युला, हे वीसेक किलोमीटर. चढ नाहीच, पण वारा बहुधा समोरून. फिनलंडमधल्या अंदाजात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतात, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. सेकंदाला ४ मीटर असेल तर काही वाटत नाही, ९-१० असेल तर एरवी सव्वा तासाच्या वाटेला दोन तास धरावेत. मुक्काम गावातच करावा. तिथून बेटाची दोन्ही टोकं गाठता येतात.

दुसरा दिवस: गाव आणि किर्क्कोसाल्मी

गाव विखुरलेलं आहे. लाल रंगाची लाकडी घरं, मध्ये राय आणि बार्लीची शेतं, कुठे पवनचक्की. एका नजरेत मावेल असा चौक नाही. सकाळ चर्चपाशी घालवावी. इथलं जुनं लाकडी चर्च सतराव्या शतकातलं, फिनलंडमधल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चपैकी एक. १९६८ मध्ये ते जळालं. आताचं चर्च १९७२ चं, आधुनिक धाटणीचं. जुनं बघायच्या अपेक्षेने येणाऱ्याला ते आधी कोरडं वाटतं, पण भोवतालचं आवार बघत थोडं थांबावं.

याच बेटाने फिनलंडच्या इतिहासातली एक भयानक रात्र पाहिली आहे. स्वीडन आणि रशिया यांच्या मोठ्या युद्धात २९ सप्टेंबर १७१४ रोजी रशियाच्या कोसॅक सैनिकांनी बेटावर उतरून माणसं कापून काढली. मृतांचा आकडा सुमारे ८०० सांगितला जातो, आणि त्यात मुख्य भूमीवरून आसऱ्याला आलेल्या लोकांचा भरणा मोठा होता. समुद्र आपल्याला वाचवेल या भरवशावर ती माणसं इथे आली होती. आजच्या वस्तीशी ताडून पाहिलं की तो आकडा केवढा होता ते कळतं.

गावातलं क्नीविला हे स्थानिक संग्रहालय जुन्या घरांच्या आवारात आहे. मासेमारीची, सीलच्या शिकारीची आणि शेतीची अवजारं बघायची तर इथे. अशी गावातली संग्रहालयं फक्त उन्हाळ्याचे काही आठवडे आणि दिवसातले थोडे तास उघडी असतात. पालिकेच्या संकेतस्थळावर वेळ बघूनच जावं.

दुपारनंतर किर्क्कोसाल्मी. ‘किर्क्को’ म्हणजे चर्च आणि ‘साल्मी’ म्हणजे दोन जमिनींमधला पाण्याचा अरुंद पट्टा. नकाशावर मात्र तिथे बोरूने भरलेलं उथळ पाणी दिसतं, पट्टा कुठेच नाही. नाव जुनं राहिलं आणि जमीन वर आली. एके काळी जिथून होड्या जायच्या तिथे आता पक्ष्यांसाठी निरीक्षण मनोरा आहे. जमीन वर येते हे कुणी पुस्तकातून सांगितलं तर पटायला वेळ लागतो. या मनोऱ्यावर उभं राहून ‘साल्मी’ हा शब्द उच्चारला की लगेच पटतं.

मनोऱ्यावर सकाळी सहाच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर जावं. दुपारी पाण्यावरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या लहरींमुळे दुर्बिणीतली आकृती थरथरते. हातात धरायची असेल तर ८ किंवा १० पटीची दुर्बीण पुरे, त्यापुढे तिवई लागते. क्रौंच, हंस, बदकं उन्हाळाभर दिसतात. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड वर्षभर. मे महिन्यात आलात तर या किनाऱ्यावर थांबणारे छोटे पांढऱ्या कपाळाचे हंसबदक, फिनिशमध्ये ‘किल्युहान्ही’, हे सर्वांत मोठं आकर्षण. युरोपातल्या अतिशय दुर्मिळ पाणपक्ष्यांपैकी तो एक आहे आणि उत्तरेकडे जाताना इथल्या किनारी कुरणांवर दम खातो. त्या काळात कुरणांत पाय घालू नये. एकदा थवा उडाला की त्याची चरण्याची वेळ वाया जाते, आणि पुढच्या प्रवासाची शिदोरी त्याला याच काही दिवसांत साठवायची असते.

डासांचं इथेच सांगून ठेवतो. जूनच्या शेवटापासून जुलैअखेर जंगलात आणि बोरूच्या कडेला ते फार असतात. वारा असेल तर उघड्या किनाऱ्यावर जवळजवळ नसतात. म्हणून वाऱ्याच्या दिवशी जंगल आणि वारा पडलेल्या दिवशी किनारा अशी अदलाबदल करावी. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि विजारीचं टोक मोज्यात खोचावं. उंच गवतातून चालल्यावर गोचीड तपासणं हाही रोजचा नियम ठेवावा.

तिसरा दिवस: मारयानिएमी

गावापासून पश्चिमेला दहाएक किलोमीटर गेलं की रस्ता संपतो आणि मारयानिएमीचं दीपगृह समोर उभं राहतं. १८७१ मध्ये बांधलेलं, पांढरं, सुमारे २५ मीटर उंच. त्याच्या पायाशी जुनं वाटाड्यांचं ठाणं, कोळ्यांच्या राखाडी झालेल्या लाकडी खोपट्या आणि छोटं बंदर. आखातातून ओउलूकडे जाणाऱ्या जहाजांना उथळ वाळूच्या पट्ट्यांतून वाट दाखवणारे वाटाडे इथून निघत. दीपगृह रोज उघडं नसतं. आत जायचं असेल तर ठरलेल्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

इथे अख्खा दिवस द्यावा, आणि तोही चालण्यासाठी. सायकल दीपगृहाजवळ ठेवून किनाऱ्याने निघावं. पहिला भाग वाळूचा. बेटाच्या तळाशी मुहोस नावाने ओळखला जाणारा फार प्राचीन गाळाचा खडक आहे आणि वर हिमनदीने आणून टाकलेली वाळू. ती वाळू वारा सतत हलवत असतो. टेकड्यांवर उगवलेलं राठ गवत ती धरून ठेवतं, त्यामुळे टेकडीच्या माथ्यावरून घसरत खाली येण्याचा मोह मुलांना आवरायला सांगावा. एक जागा उघडी पडली की वारा तिथूनच आत शिरतो आणि खळगा मोठा होत जातो.

पाणी चाखून बघावं. बोथनियाच्या आखाताच्या या टोकाला क्षारता हजारात दोन-तीन भागांच्या आसपास असते, महासागराच्या तुलनेत दहाव्या हिश्शाहूनही कमी. भोवतालच्या नद्यांचं गोडं पाणी इथे येतं आणि बाल्टिकचं खारं पाणी इथपर्यंत पोचेस्तोवर फार पातळ होतं. म्हणून एकाच जाळ्यात समुद्रातला सीइका आणि तळ्यात राहणारे पाइक, पर्च असे मासे सापडतात. पोहायला किनारा सुरक्षित आहे, पण खोली मिळवायला खूप चालावं लागतं. किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध असतात, त्यामुळे पाणी कमरेपर्यंत येतं, पुन्हा गुडघ्यावर जातं, पुन्हा कमरेपर्यंत येतं. लहान मुलांसोबत असाल तर पहिल्या बांधाच्या अलीकडेच थांबावं, कारण मधल्या खोलगट पट्ट्यात प्रवाह असू शकतो. उन्हाळ्यात चार ऊबदार दिवस सलग आले की उथळ पाणी सुखद तापतं. एका रात्रीत वारा फिरून खालचं थंड पाणी वर आलं की तेच पाणी पाय बधिर करतं.

आता किनाऱ्याकडे पाठ करून सरळ आत चालत जावं. बेटावर करण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि तिला जेमतेम तासभर लागतो. काठाशी ओली वाळू किंवा आखूड गवताचं कुरण, त्यामागे काटेरी, करड्या पानांची तुर्नीची (सी बकथॉर्न) झुडपं, मग आल्डरची दाट रांग, मग बर्च, आणि शेवटी सूचिपर्णी झाडं. प्रत्येक पट्टा जमिनीचं वय सांगतो. समुद्राहून एक मीटर उंचीवर उभे असाल तर ती माती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाण्याच्या काठावर होती. उतार किलोमीटरला एक मीटर असेल, आणि इथे अशा जागा पुष्कळ आहेत, तर किनारा दर वर्षी सात-आठ मीटर पुढे सरकतो. तुर्नीला ऊन लागतं. नव्या जमिनीवर ती आधी येते, मागून आल्डर वाढून सावली धरतो, तिची मागची रांग मरते आणि पुढची रांग समुद्राकडे सरकते. ती पाण्यामागे चालत राहते असंच म्हणावं लागेल. तिची नारिंगी फळं ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पिकतात. तोडताना हातमोजे लागतात, कारण काटे लांब असतात आणि फळ हाताने ओढलं की फुटतं.

जमीन नवी येते तेव्हा ती कुणाची, हा प्रश्न इथे रोजच्या व्यवहारातला आहे. काठावर घर असलेल्याला वाटतं, घरासमोर आलेली जमीन माझी. कायदा तसं म्हणत नाही. पाण्याचा तळ ज्यांच्या सामायिक मालकीचा, उघडी पडलेली जमीनही त्यांचीच राहते. काठावरच्या मालकाला ती मोजणी करून, किंमत देऊन सोडवून घ्यावी लागते. कोळ्यांचीही हीच अडचण. आजोबांनी पाण्याला लागून बांधलेली खोपटी नातवाच्या काळात गवतात उभी असते, आणि बंदरातला गाळ पुन्हा पुन्हा काढावा लागतो. फिरताना पाण्यापासून लांब एखादी होडीची खोपटी दिसली तर ती चुकीच्या जागी बांधलेली नाही. तिथेच पाणी होतं.

किनारी कुरणांबद्दलही सांगायला हवं. ती आपोआप टिकत नाहीत. पूर्वी गुरं चरायची आणि हिवाळ्यासाठी गवत कापलं जायचं, म्हणून ती मोकळी होती. चराई थांबली तिथे बोरू आणि झुडपांनी जागा घेतली. आता अनेक ठिकाणी गुरं-मेंढ्या पुन्हा सोडल्या आहेत. बोथनियाच्या आखाताकाठी आढळणारा रुइयानएसिक्को हा गुलाबी, बोटभर उंचीचा प्रिम्युला आखूड गवतातच तगतो. तो जूनमध्ये फुलतो. फोटोसाठी गुडघे टेकण्यापूर्वी गुडघ्याखाली दुसरं रोप नाही ना हे बघावं. कुंपणातून जावं लागलं तर फाटक जसं होतं तसंच लावून पुढे जावं.

संध्याकाळी मारयानिएमीलाच थांबावं. वाळूवर वाऱ्याआड बसून सूर्य वायव्येकडून उत्तरेकडे तिरका उतरताना बघता येतो. तो बुडायला इतका वेळ घेतो की थर्मासमधला चहा संपतो. जुलैतही लोकरीची टोपी आणि वारा अडवणारं जाकीट जवळ असावं. दुपारी २२ अंश असलेला पारा रात्री १० वर येतो आणि वाऱ्यात त्याहून कमी वाटतो. परतीच्या दहा किलोमीटरमध्ये सायकलला दिवा लावावा, उजेड असला तरी. या वेळी एल्क (मोठ्या जातीचं हरीण) रस्त्यावर येतात. मोटारवाल्यांनी वेग कमी ठेवावा आणि एक दिसला की मागून दुसरा येईल असं धरून चालावं.

चौथा दिवस: दगडफुलाचं माळरान, मग हुइक्कू

परतीच्या दिवशी सकाळ पाईनच्या माळरानात घालवावी. झाडं विरळ, आणि खाली जमीन दिसतच नाही, सगळीकडे पांढरट, मऊ उशांसारखं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल वेगळ्या जातीचं, पण कूळ तेच: बुरशी आणि शैवाल यांनी मिळून चालवलेला संसार. दगडफुलाला फिनिशमध्ये ‘याकाला’ म्हणतात. ते गोळा करून जर्मनीसारख्या देशांत पुष्पचक्रं आणि सजावटीसाठी पाठवणं हा हाइलुओतोचा जुना धंदा. काम ओल्या हवेत करतात. ओलं असताना ते स्पंजासारखं लवचीक असतं आणि उशी अख्खी निघते. कोरडं असताना हातात पापडासारखं मोडतं. वर्षाला ते फक्त काही मिलिमीटर वाढतं, म्हणून एका जागेवरून काढल्यावर तिथे पुन्हा हात घालायला बरीच वर्षं थांबावं लागतं.

पाहुण्यांसाठी यातून दोन नियम निघतात. कोरड्या दिवसांत वाट सोडून चालू नये, प्रत्येक पाऊल अनेक वर्षांची वाढ चुरडतं. आणि दगडफूल उचलू नये. फिनलंडमध्ये कुणाच्याही रानातून चालण्याचा, सायकल चालवण्याचा, बेरी आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यांनाही. दगडफूल, शेवाळ, फांद्या, उभी झाडं मात्र त्यात येत नाहीत. त्यांना जमीनमालकाची परवानगी लागते. उघड्यावर आग पेटवायलाही लागते, आणि वणव्याचा इशारा जाहीर असेल तर परवानगी असूनही पेटवायची नाही. कोरडं दगडफूल ठिणगीला कागदासारखं पेट घेतं. साध्या गळाने मासे धरायला काही लागत नाही. फिरकीच्या गळासाठी १८ ते ६९ वयाच्या माणसाला सरकारी मत्स्यशुल्क भरावं लागतं.

दुपारच्या जेवणाला बार्लीची रिएस्का घ्यावी. बिनयिस्टची, पातळ, भाकरीच्या जवळ जाणारी, ताजी असतानाच चांगली. सोबत भाजलेलं, दाताखाली चुरचुरणारं लेइपायुउस्तो चीज आणि ढगबेरीचा मुरांबा. मासे खाणाऱ्यांनी धुरावलेला सीइका चुकवू नये.

मग वीस किलोमीटर हुइक्कूकडे. वारा नैर्ऋत्येचा असेल तर या वेळी तो पाठीशी असतो. रविवार असेल तर दुपारी दोनच्या आधी धक्क्यावर पोचावं. सायकलींना जागा मिळते, मोटारींना वाट बघावी लागते.

याच पट्ट्यावर कडक हिवाळ्यात बर्फाचा रस्ता आखला जात आला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्यांनी त्याचे नियम पाठ करून यावेत. हलक्या वाहनांसाठी, म्हणजे तीन टनांपर्यंत, रस्ता उघडायला साधारण ४० सेंटिमीटर घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो. वर पडलेला भुसभुशीत बर्फ सतत बाजूला सारावा लागतो, कारण तो दुलईसारखं काम करतो आणि खालचं पाणी गोठायला वेळ लावतो. ताशी ५० किलोमीटरची मर्यादा, गाड्यांमध्ये किमान ५० मीटर अंतर, ओलांडणं नाही, थांबणं नाही. ही काटेकोर मर्यादा घसरण्यापुरती नाही. गाडी चालते तेव्हा बर्फ तिच्या वजनाने वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला, किंवा दोन गाड्यांच्या लाटा एकमेकींवर आल्या, की बर्फ तडकतो. काठाजवळ, जिथे पाणी उथळ होतं, तिथे धोका जास्त, म्हणून शेवटचा भाग आणखी सावकाश. पाटीवर रस्ता बंद लिहिलं असेल तर शेजारी कुणाच्या गाडीच्या खुणा दिसल्या तरी उतरू नये. हल्लीच्या ऊबदार हिवाळ्यांत काही वर्षी रस्ता उघडलाच नाही, तेव्हा फक्त त्याच्यासाठी तिकीट काढू नये.

हुइक्कूच्या धक्क्यावर रांगेत असताना पाण्याकडे बघावं. खांबावरची ओली रेघ पाण्याच्या वर हातभर दिसत असेल तर पातळी उतरते आहे. मागे जड कॅम्परव्हॅन लावून उभ्या असलेल्यांना पुढच्या फेरीसाठी थांबवलं जाऊ शकतं. सायकल आणि माणसं बहुतेक वेळा पार होतात. पलीकडे रिउतुनकारीहून ओउलूला संध्याकाळच्या रेल्वेसाठी पोचायचं असेल तर फेरी उतरल्यापासून सायकलने अडीच तास हातात ठेवावेत. ओउलुनसालोपर्यंत पुन्हा तोच वारा बाजूने लागतो.